छोट्या संस्थेचं ऑनलाइन काम कसं बसवावं : सोलापुरातल्या अनुभवावरून

विडी घरकुलात आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो आणि महिन्यातून एकदा बायकांसाठी आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. नोंदणीकृत न्यास आहे, विश्वस्त सात, पगारी माणूस एक. अशा संस्था सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. कुणी रक्तदात्यांची यादी सांभाळतं, कुणी सिव्हिलला आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे देतं, कुणी उन्हाळ्यात पाणपोया चालवतं. यातली माणसं भेटली की हमखास विचारतात, "आम्हालाही फेसबुकवर यायचंय, सुरुवात कशी करू?"

फेसबुक बरंच नंतर येतं. त्याआधी नंबर, खाती, यादी आणि परवानगी या गोष्टी बसवाव्या लागतात. त्या न बसवता पोस्ट टाकायला लागलं की लाइक येतात, माणसं येत नाहीत, आणि जी येतात ती आपल्याला सांभाळता येत नाहीत. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि दोन वर्षं घालवली. तुमची वाचावीत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिलं काम : नंबर आणि खाती संस्थेची करा

आमचं पहिलं फेसबुक पेज एका उत्साही कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावरून उघडलं होतं. मुलगा मनापासून काम करायचा. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, जुना पासवर्ड त्यालाही आठवेना. त्या पेजवर आजही आमचा जुना पत्ता आहे आणि तो आम्हाला बदलता येत नाही. चूक त्याची नव्हती, विश्वस्त म्हणून आमची होती.

म्हणून आधी संस्थेसाठी एक वेगळं सिमकार्ड घ्या. ते कुणाच्या नावावर आहे आणि फोन कुणाकडे राहील याचा ठराव करून इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. रिचार्ज विसरू नका. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर तुमची सगळी खातीही अडकतात.

त्या नंबरवर संस्थेचं जीमेल उघडा. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. गूगल जे राखीव कोड देतं, ते कागदावर छापून पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवा. व्हॉट्सॲप साधं न घेता बिझनेसचं घ्या. तेही फुकट आहे, आणि त्यात ठरलेली उत्तरं, लेबलं आणि कामाच्या वेळा ठेवता येतात. त्यालाही सहा आकडी पिन लावून घ्या. "चुकून तुमच्याकडे माझा कोड आलाय, जरा पाठवा ना" असा मेसेज ओळखीच्याच नंबरवरून येतो, आणि कोड पाठवला की खातं हातचं गेलं म्हणून समजा. ज्याच्या हातात संस्थेचा फोन असेल त्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

फेसबुकवर संस्थेच्या नावाने माणसासारखं प्रोफाइल उघडू नका, पेज उघडा. प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा असते आणि खोट्या नावाचं म्हणून ते बंदही होऊ शकतं. पेजवर निदान दोन विश्वस्तांना पूर्ण अधिकार द्या. रोजच्या पोस्ट तरुण कार्यकर्त्यांनी टाकाव्यात, पण किल्ली विश्वस्तांकडे असावी.

नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करून घ्या, कारण सरकारी योजना आणि अनेक देणगीदार तो क्रमांक विचारतात. गूगलचा आणि कॅनव्हा या पोस्टर बनवायच्या ॲपचा बिगर-नफा संस्थांसाठीचा मोफत कार्यक्रम भारतातही आहे. नोंदणीची कागदपत्रं स्कॅन करून तयार असतील तर अर्ज करून ठेवायला हरकत नाही. पण साध्या जीमेलसोबत मिळणारी १५ जीबी जागा छोट्या संस्थेला सुरुवातीला पुरून उरते. त्यासाठी कशाचीही वाट पाहत बसू नका.

दुसरं काम : यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कार्यकर्त्यांच्या वह्यांत, चिठ्ठ्यांत आणि फोनमध्ये विखुरलेली नावं एका गूगल शीटमध्ये आणा. एका माणसाची एकच ओळ. नाव, नंबर, भाग, संस्थेशी नातं (लाभार्थी, पालक, कार्यकर्ता, देणगीदार, डॉक्टर) आणि नोंद केल्याची तारीख एवढे रकाने कुणीही करतो. आम्ही त्यात आणखी दोन घातले आणि सगळं काम पालटलं.

पहिला रकाना : "फोन कुणाचा?" विड्या वळणाऱ्या बाईने दिलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि तो फोन सकाळी त्याच्याबरोबर कारखान्यात किंवा रिक्षावर जातो. आम्ही गर्भाशयाच्या तपासणीचा मेसेज पाठवायचो आणि तो जाऊन पडायचा एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फोनवर. तो आईला काय सांगणार? बायका का येत नाहीत याचं कोडं आम्हाला कितीतरी महिने उलगडलं नव्हतं. आता नंबर बाईचा स्वतःचा नसेल तर आम्ही तसं लिहितो आणि शेजारच्या कुठल्या बाईकडे निरोप ठेवायचा तेही लिहितो. त्या नंबरवर मेसेज जातो तो फक्त "शिबिर अमुक वारी, अमुक ठिकाणी, बायकांसाठी" एवढाच. तपासणी कसली याचा उल्लेख त्यात नसतो.

दुसरा रकाना : "कोणती भाषा बोलतात, कोणती वाचतात?" सोलापुरात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू बोलतात, पण मुलं मराठी शाळेत जातात, त्यामुळे तेलुगू लिपी फार थोड्यांना वाचता येते. अक्कलकोटकडून आलेल्या घरांत कन्नड बोलली जाते, काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू. साठीच्या पुढच्या कित्येक अक्कांना कुठलीच लिपी येत नाही. त्यांना सुंदर छापलेलं मराठी पोस्टर पाठवून उपयोग नाही, त्यांना आवाज पाठवावा लागतो.

शीट कुणाला दिसते हे नीट तपासा. "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय कधीच ठेवू नका, ज्यांना लागते त्यांच्याच ईमेलला परवानगी द्या. आजाराची माहिती या यादीत नको, ती डॉक्टरांच्या कागदावर राहू द्या. गरज नसताना आधार क्रमांक मागायची सवय सोडा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. प्रवेशअर्जावर पालकांच्या सहीखाली आत्ताच एक ओळ वाढवून घ्या.

तिसरं काम : व्हॉट्सॲप, पण कुणासाठी काय ते ठरवून

ग्रुप काढणं सोपं, म्हणून सगळे ग्रुपच काढतात. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्या बायकांच्या ग्रुपमधून एकीचा नंबर बाहेर गेला आणि तिला रात्री-अपरात्री फोन यायला लागले. त्या दिवशी तो ग्रुप आम्ही बंद केला.

आता ग्रुप फक्त कार्यकर्त्यांचा आहे. लाभार्थी बायकांना ब्रॉडकास्ट यादीतून मेसेज जातो. तो प्रत्येकीला स्वतंत्र येतो आणि बाकी कुणाचा नंबर दिसत नाही. एका यादीत २५६ जणी बसतात. अडचण एवढीच की जिच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नाही तिला मेसेज पोचतच नाही. त्यामुळे शिबिराच्या नोंदणी टेबलावर आमची एक मुलगी फक्त याच कामाला बसते. प्रत्येकीचा फोन तिच्या समोरच हातात घ्यायचा, आपला नंबर "शिबिर ताई" नावाने सेव्ह करायचा, आणि एक हाक मारल्यासारखा मेसेज पाठवून बघायचा. बाईमागे दोन मिनिटं जातात, पण याला पर्याय नाही. देणगीदार आणि हितचिंतकांसाठी व्हॉट्सॲप चॅनेल चांगलं, कारण तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

मेसेज कसा असावा? आमचा जुना मेसेज असा असायचा : "सर्व माता-भगिनींना कळविण्यात येते की, संस्थेच्या वतीने भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिराचे आयोजन करण्यात आले असून मोठ्या संख्येने उपस्थित राहावे." यात वार नाही, वेळ नाही, जागा नाही. आताचा असा असतो : "गुरुवारी दुपारी २ ते ५. अभ्यासवर्गाच्या खोलीत. डॉक्टर बाई आहेत. पैसे नाहीत. येताना जुनी फाइल आणा. येणार असाल तर १ लिहून पाठवा." डॉक्टर बाई आहेत हे तीन शब्द घातले आणि "येऊ का?" असं विचारणाऱ्या बायका वाढल्या.

सोबत चाळीसेक सेकंदांचा आवाज जातो, एक मराठीत आणि एक तेलुगूत. तेलुगू आवाज आमच्या ओळीतल्याच एका अक्कांचा आहे. त्या लिहिलेलं वाचत नाहीत, ओट्यावर बसून बोलतात तसं बोलतात, मागे सुपातली पानं सरकल्याचाही आवाज येतो. स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डिंगवर जितका विश्वास बसणार नाही तितका त्यांच्यावर बसतो.

वेळेचंही बघा. सकाळी विड्या देऊन पानं-तंबाखू आणायची धांदल असते. दुपारी हात चालू असतात पण कान मोकळे असतात, तेव्हा आवाज ऐकला जातो. आणि पाण्याचा दिवस! आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी घरातली बाई घर सोडत नाही. शिबिराची तारीख ठरवण्याआधी त्या भागाचा पाण्याचा दिवस विचारा, मगच मेसेज लिहा.

रक्ताची मागणी करणाऱ्या संस्थांना एक कळकळीची विनंती. मेसेजमध्ये तारीख, वेळ, रक्तगट, रुग्णालयाचं नाव आणि संपर्क लिहा, आणि रक्त मिळालं की "गरज पूर्ण झाली" असा दुसरा मेसेज त्याच सगळ्या ठिकाणी टाका. तारीख नसलेले मेसेज वर्षानुवर्षं फिरतात, बरा होऊन घरी गेलेल्या माणसाच्या घरी फोन येत राहतात, आणि खरी गरज आली की लोक म्हणतात, जुनाच असेल.

चौथं काम : फोटोआधी परवानगी

पहिल्या वर्षी आम्ही वह्यावाटपाचे फोटो टाकले. त्यात नववीतली एक मुलगी होती, हात पुढे करून वह्या घेताना. त्या फोटोला सगळ्यात जास्त लाइक आले. सोमवारी ती वर्गाला आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मी घरी गेले तर आई दारातच उभी राहिली. "ताई, वह्या घेऊन जावा तुमच्या. शाळेत पोरी फुकटची वही म्हणून चिडवायलेत तिला." आत फळीवर त्या सहा वह्या होत्या, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

फोटो मी तिथेच उभ्या उभ्या काढून टाकला, पण तोवर तो कितीतरी ग्रुपांवर गेला होता. ती महिन्याभराने परत आली. तिची माफी मागायला मला शब्द सापडत नव्हते.

तेव्हापासून वाटपाचा फोटो आम्ही काढत नाही. परवानगी मदत देताना मागत नाही, कारण हातात वही असताना कुणी नाही म्हणू शकत नाही. ती वेगळ्या दिवशी मागतो, आणि नाही म्हटलं तरी काही बिघडत नाही हे आधी सांगतो. फॉर्म दोन ओळींचा आहे : फोटो कुठे दिसेल, आणि नको वाटला तर कुणाला सांगायचं. मुलांसाठी पालकांची सही आणि मुलाचाही होकार, दोन्ही. चेहरा न दाखवताही पुष्कळ दाखवता येतं. फळ्यावर सोडवलेलं गणित, दाराबाहेरच्या चपलांची रांग, शाईने माखलेली बोटं. शाळेचं नाव दिसणारा गणवेश टाळा.

काही बाबतीत इच्छेचा प्रश्नच नाही, कायदाच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख कळेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. निराधार मुलांसाठी काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

पाचवं काम : देणगी

क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. स्कॅन केल्यावर न्यासाचं नाव दिसलं पाहिजे, कोषाध्यक्षांचं नाही. "तात्पुरते माझ्या नंबरवर पाठवा" हे वाक्य कितीही प्रामाणिकपणे म्हटलेलं असलं तरी पुढे ऑडिटला आणि गावात दोन्हीकडे त्रास देतं.

यूपीआयने पैसे येतात, पण देणाऱ्याचा पत्ता आणि पॅन येत नाही. इथे बहुतेक संस्था अडकतात. ८०जीची (देणगीदाराला मिळणारी आयकरातली) सवलत देणाऱ्या संस्थेला देणग्यांचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. १०बीडी या नावाने ते ओळखलं जातं आणि त्यावरून देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. माहिती नसेल तर देणगीदाराची सवलत जाते. शिवाय निनावी देणग्यांवर एका मर्यादेच्या पुढे ३० टक्के दराने कर लागतो. म्हणून क्यूआरच्या शेजारीच एका छोट्या गूगल फॉर्मचा दुवा द्या : नाव, पत्ता, पॅन, रक्कम, व्यवहार क्रमांक. रोख घेत असाल तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही हे आधीच सांगा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीचा मजकूर आपल्या सीएंना दाखवूनच छापा.

पावती त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गेली पाहिजे. आणि महिन्याभरात, पैसे कशाला लागले त्याच्या बिलाचा फोटो. नवी पेठेतल्या दुकानाचं वह्यांचं बिल आम्ही देणगीदारांना पाठवतो, त्यावरचे फोन नंबर झाकून. एका गृहस्थांनी बिल बघून फोन केला, "एवढी महाग का घेता, मी घाऊक भावात मिळवून देतो." तेव्हापासून वह्या त्यांच्याच ओळखीने येतात.

परदेशातल्या आपल्या मुलांबद्दल सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस सोलापुरात जन्मलेला असला तरी ती परकीय देणगीच. त्याला एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. क्यूआर परदेशी ग्रुपांवर टाकण्याआधी ही एक ओळ त्याच्यासोबत लिहा.

सहावं काम : आता फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब

इथवर आलात तर हे सोपं आहे. तीनही ठिकाणी एकदम जाऊ नका. आपल्याकडे देणारी, ओळखीपाळखीची मंडळी फेसबुकवर जास्त, कॉलेजची मुलं इन्स्टाग्रामवर. कार्यकर्ते हवे असतील तर इन्स्टाग्राम, देणगीदार हवे असतील तर फेसबुक. आठवड्याला एक पोस्ट, ठरलेल्या वारी, एवढं पुरे. सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसाचे फलक संस्थेच्या पेजवर नकोत. त्यांच्या गर्दीत तुमचं शिबिर हरवतं.

मजकूर पोस्टरमध्येच कोंबू नका, खाली अक्षरात पुन्हा लिहा, म्हणजे शोधल्यावर सापडतो. मराठी टंकायचा कंटाळा असेल तर फोनच्या कळफलकावरचा माइक दाबून बोला, मग चुका सुधारा. गूगल मॅप्सवर संस्थेची नोंद करा, बाहेरून येणारा डॉक्टर तीच बघून येतो. पैसे देऊन पोस्ट वाढवायची असेल तर सामाजिक मुद्द्यांच्या जाहिरातींसाठी मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) ओळखपत्राची पडताळणी मागतं, ती आधी करून ठेवा.

गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, सगळं शहर सिद्धेश्वर यात्रेसाठी होम मैदानाच्या बाजूला असतं. त्या आठवड्यात ऑनलाइन आवाहन करून फारसं कुणी बघत नाही. त्यापेक्षा कार्यकर्त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे क्यूआर छापा आणि माणसांत जा.

आणि मोजायचं काय

लाइक आणि फॉलोअर आम्ही लिहून ठेवत नाही. शिबिराच्या नोंदवहीत एक रकाना आहे, "कुठून कळलं?" रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी बसून त्या महिन्याची पानं मोजतो, ज्या नंबरवर मेसेज पोचला नाही तो शीटमध्ये लाल करतो, आणि सोमवारी त्या घरी कुणीतरी जाऊन येतं. गेल्या खेपेला त्या रकान्यात फेसबुक दोनदाच होतं, "मेसेज आला" बऱ्याच जणींपुढे होतं, आणि सगळ्यात जास्त वेळा लिहिलं होतं : "शेजारच्या अक्कांनी फोनवरचा आवाज ऐकवला."